सहजतेची नक्कल : ऑड्री हेपबर्न आणि तिच्या प्रतिकृती

बिनबाह्यांचा काळा पोशाख, मोत्यांच्या माळा, निम्मा चेहरा झाकणारा काळा चष्मा, उंच बांधलेला अंबाडा आणि बिनटाचेचे सपाट बूट. एवढा सरंजाम जमविला की ऑड्री हेपबर्न तयार होते, असे स्त्रियांची नियतकालिके गेली कित्येक वर्षे सांगत आली आहेत. ही अभिनेत्री २० जानेवारी १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील तोलोशनाझ या गावी वारली. तिचे बहुतेक गाजलेले चित्रपट १९५३ ते १९६७ या अवघ्या पंधरा वर्षांतले. तथापि जिने त्यांतला एकही पाहिलेला नाही, अशा मुलीच्या वहीवर वा पिशवीवरही तिचे छायाचित्र आढळते. तिच्याविषयीच्या या लेखांत एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे 'सहज'. तिची शैली सहज होती, म्हणून ती कोणालाही सहज साधेल, असा त्यांतला तर्क.

खुद्द ऑड्रीनेही एका मुलाखतीत अशाच आशयाचे उद्गार काढले होते. केसांची ठेवण बदलावी, मोठा चष्मा घ्यावा, बिनबाह्यांचे साधे पोशाख घालावेत, की कोणतीही स्त्री आपल्यासारखी दिसू शकेल, असे तिचे म्हणणे. तिच्या विनयशील स्वभावाला ते शोभून दिसते. परंतु कलावंताचा विनय हा टीकेने पुरावा म्हणून स्वीकारू नये. आमचे मत नेमके उलट आहे. तिच्या शैलीतील दिसणारा भाग, म्हणजे कपडे, चष्मा, केस, हा त्या शैलीचा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत पातळ थर होय. तो खरवडून काढला तरी शैली शिल्लक राहते, हे सिद्ध करणारा चित्रपट तिच्याच नावावर आहे. नक्कल करणारी मंडळी नेमका तोच पाहत नाहीत. त्याकडे आपण यथावकाश येऊच.

प्रथम ही सहजता घडली कशी, ते पाहू. ऑड्रीचा जन्म १९२९ साली ब्रुसेल्स येथे झाला. आई डच सरदार घराण्यातली. मुलीला व्हायचे होते बॅले नर्तकी. ॲम्स्टरडॅमला सोनिया गॅस्केल यांच्याकडे व नंतर लंडनला मेरी रॅम्बर्ट यांच्याकडे तिने या नृत्याचे कठोर शिक्षण घेतले. पण अंगची उंची आणि युद्धकाळात झालेली उपासमार यांमुळे पहिल्या प्रतीची नर्तकी होणे तिला शक्य नाही, असे रॅम्बर्ट यांनी तिला स्पष्ट सांगितले. स्वप्न मोडले, शिक्षण मात्र अंगात राहिले. बॅले ही कलाच अशी आहे की तिच्यात पायाची बोटे सोलवटली तरी चेहऱ्यावर त्याचा मागमूस उमटता कामा नये. प्रेक्षकाला दिसावा तो केवळ हलकेपणा. त्यामागचे श्रम लपविणे हाही त्या श्रमांचाच भाग. ऑड्री खुर्चीत बसते कशी, जिना उतरते कशी, मान वळविते कशी, हे ज्यांनी बारकाईने पाहिले असेल त्यांना हे शिक्षण ठायी ठायी दिसेल. सपाट बूट विकत मिळतात. ते बूट घालून पाऊल कसे टाकायचे, हे शिकायला तिला अनेक वर्षे लागली होती.

'रोमन हॉलिडे'ची कथा तर सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत तिची चाचणी घेण्यात आली. प्रसंग संपल्यावरही कॅमेरा चालूच ठेवावा, अशी दिग्दर्शक विल्यम वायलर यांची सूचना होती. चित्रण संपले असे समजून ती मोकळेपणी बोलू-हसू लागली आणि त्या चार क्षणांवर तिची निवड झाली. येथपर्यंत सहजतेचे पुरस्कर्ते आनंदाने मान डोलावतील. पण त्याच चित्रपटातील निरोपाच्या प्रसंगी तिला रडू येईना. चित्रण पुन:पुन्हा फसले. अखेरीस वायलर यांनी तिला चांगलेच फैलावर घेतले, तेव्हा कुठे अश्रू वाहिले. चाचणीतील हसू आपोआप आले आणि चित्रपटातील अश्रू खेचून काढावे लागले. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच स्वाभाविक भासतात. अभिनय म्हणतात तो यालाच.

कपड्यांचेही तसेच. १९५३ साली 'सब्रिना'साठी पोशाख निवडण्यास ती पॅरिसला ह्युबेर द जिव्हांशी या अवघ्या २६ वर्षांच्या वस्त्रकल्पकाकडे गेली. हेपबर्न येणार हे ऐकून त्याला वाटले होते की कॅथरिन हेपबर्न येत आहे! समोर उभी राहिली ही अनोळखी, काटकुळी मुलगी. नव्या संग्रहाच्या घाईत असल्याने त्याने तिला आधीच्या तयार पोशाखांतून हवे ते घ्यावयास सांगितले. तिने जे निवडले त्यात तिचे स्वत:च्या देहाविषयीचे निर्मळ ज्ञान दिसते. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ जाणारा गळा तिने पसंत केला, कारण त्याने गळ्याखालची वर आलेली हाडे झाकली जात. आपल्याकडचे शिंपी ज्याला 'बोट नेक' म्हणतात, तोच हा गळा. पाश्चात्त्यांनी पुढे त्याला सब्रिनाचे नाव दिले. वैगुण्य झाकण्यासाठी केलेली योजना सौंदर्याची खूण ठरली. (त्या चित्रपटाच्या वेशभूषेचे ऑस्कर मिळाले ते एडिथ हेड यांना, श्रेयनामावलीत जिव्हांशीचे नावही नव्हते. असो.)

आणखी एक किस्सा येथे सांगण्याजोगा आहे. 'फनी फेस' (१९५७) मध्ये पॅरिसच्या एका तळघरातील नृत्यात ती नखशिखांत काळ्या वेषात आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनेन यांनी पायांत पांढरे मोजे घालण्याचा आग्रह धरला. ऑड्रीला ते मुळीच रुचले नाही. पावले मोठी दिसतील, वेषाची रेषा तुटेल, म्हणून ती रडकुंडीस आली. डोनेन बधले नाहीत. मोजे नसते तर अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तिच्या पावलांच्या हालचाली दिसल्याच नसत्या. चित्रपट पाहिल्यावर तिने त्यांना चिठ्ठी पाठवून मोज्यांच्या बाबतीत तुमचेच बरोबर होते, अशी कबुली दिली. आज त्या काळ्या वेषाच्या नकला जगभर विकल्या जातात. २००६ साली एका अमेरिकन कंपनीने तर तुमानींच्या जाहिरातीसाठी तेच नृत्य कापून, त्यावर रॉक संगीत चढवून वापरले. पण त्या वेषामागे एक हट्टी दिग्दर्शक होता, आणि त्याचे ऐकणारी, चूक ध्यानी आल्यावर तसे लिहून कळविणारी एक शिष्याही होती. हे विकत कोठे मिळते?

आता तिच्या प्रतिकृतींकडे वळू. १९९५ साली सिडनी पोलॅक यांनी 'सब्रिना' पुन्हा बनविला. नायिका ज्युलिया ऑर्मंड ही गुणी अभिनेत्री. तिच्याकडून उणे काही झाले असे आम्हांस वाटत नाही. उणे आहे ते कथेतच. मूळ चित्रपटात मोटारचालकाची मुलगी पॅरिसला जाते ती पाकशाळेत. अंडे एका हाताने कसे फोडावे, सुफ्ले कसा फुगवावा, हे ती शिकते. तिथे भेटलेला एक वृद्ध सरदार तिच्या मनाची अवस्था तिच्या फसलेल्या सुफ्लेवरून ओळखतो. ती परत येते तेव्हा कपडे बदललेले असतात हे खरे, पण त्यापूर्वी हात बदललेले असतात. १९९५ ची सब्रिना मात्र पॅरिसला जाते ती एका फॅशन मासिकात काम करावयास! म्हणजे शैली शिकण्यासाठी शैलीच्या दुकानात. ज्या गोष्टीचा उगम दुसरीकडेच होता, ती थेट तिच्या बाजारात शोधली गेली. हा एक बदल पाहिला की नवा चित्रपट इतका देखणा असूनही मनात का रेंगाळत नाही, याचा उलगडा होतो.

२००० साली तिच्या जीवनावर अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला, जेनिफर लव्ह ह्युइट या तरुणीने तिचे काम केले. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१३ ची चॉकलेटची जाहिरात मात्र अधिक विचार करावयास लावते. इटलीच्या किनाऱ्यावरील रस्ता, अडकून पडलेली बस, आणि बसमध्ये ऑड्री हेपबर्न, मृत्यूनंतर वीस वर्षांनी! तिच्याशी साम्य असलेल्या तरुणींचे चित्रण करून त्यावर संगणकाने तिचा चेहरा उभा करण्यात आला होता. तिच्या मुलांची यास संमती होती, त्यामुळे हक्काचा प्रश्न आम्ही उपस्थित करीत नाही. तंत्रज्ञांचे कसब थक्क करणारे आहे. पण तो चेहरा पाहताना मनाला कसलीशी चुटपुट लागते. त्यात डोळे आहेत, पण पाहणे नाही. ऑड्रीच्या चेहऱ्यावर भाव उमटण्यापूर्वी जी एक क्षणाची कुचंबणा दिसे, बोलू की नको अशी, ती यंत्राला सुचलेली नाही. कारण यंत्राला संकोच वाटत नाही.

तिच्या शब्दांचीही प्रतिकृती निघाली आहे. सुंदर ओठ, सुंदर डोळे कसे मिळवावेत याविषयीच्या काही उपदेशपर ओळी शुभेच्छापत्रांवर आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेशांत तिच्या नावाने फिरत असतात. आपल्या धर्मग्रामातील गटांतही त्या येत असतील. त्या तिच्या नव्हेत. सॅम लेव्हनसन या अमेरिकन विनोदी लेखकाच्या त्या ओळी. तिला त्या आवडत आणि ती त्या मुलांना वाचून दाखवी, एवढेच सत्य.

आणि तो सुप्रसिद्ध काळा पोशाख? 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) चा आरंभ आठवा. भल्या पहाटे न्यूयॉर्कच्या निर्मनुष्य रस्त्यावर भाड्याची मोटार थांबते. रात्रीच्या मेजवानीच्या वेषातील एक तरुणी उतरते आणि दागिन्यांच्या दुकानाच्या काचेसमोर उभी राहून कागदी पुडक्यातला पाव खाऊ लागते. हे दृश्य वैभवाचे म्हणून भिंतींवर लावले जाते. वस्तुत: ते एकाकीपणाचे आहे. काच तिच्या आणि दागिन्यांच्या मध्ये आहे, आणि ती काच तिला ओलांडावयाची नाही. पुढे कळते की या हॉली गोलाइटलीचे खरे नाव लुलामे. टेक्सासमधील खेड्यात पोरवयातच एका विधुराशी तिचे लग्न लागले होते, तेथून ती पळून आली आहे. म्हणजे तो पोशाख, तो चष्मा, ती सिगारेटची लांब नळी हे सारे सोंग होय. घाबरलेल्या मुलीने पांघरलेले. जो वेष त्या पात्रानेच उसना घेतला आहे, त्याची नक्कल करणारे नकलेचीच नक्कल करीत असतात. (त्या चित्रपटातील जपानी शेजाऱ्याचे ओंगळ विडंबन आज पाहवत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.) त्या पोशाखाची एक प्रत जिव्हांशीने लेखक डॉमिनिक लापिएर यांना दिली होती. ५ डिसेंबर २००६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ४,६७,२०० पौंड आले, आणि ती रक्कम भारतातील दीनदुबळ्यांसाठी काम करणाऱ्या 'सिटी ऑफ जॉय एड' या संस्थेकडे गेली. दुकानाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या वेषाचे असे सार्थक झाल्याचे वाचून आम्हांस समाधान वाटले होते.

मग अनुकरण करूच नये काय? तसे नाही. अनुकरणाचे उत्तम उदाहरण आपल्याच मुंबईत घडले आहे. 'लव्ह इन सिमला' (१९६०) च्या वेळी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांच्यापुढे अडचण होती ती साधनाच्या रुंद कपाळाची. त्यांनी ऑड्रीच्या कपाळावरील केसांची झुलूप डोळ्यांसमोर ठेवून साधनाचे केस कापून घेतले. 'साधना कट' म्हणून तो प्रकार देशभर गाजला. हे अनुकरण फळले, कारण त्यामागे साधनाची स्वत:ची गरज होती. ऑड्रीने गळ्याची हाडे झाकली, हिने कपाळ. उसनी घेतली ती वस्तू नव्हे, युक्ती. आणि त्या झुलुपीची ती दासीही झाली नाही. त्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या 'परख' मध्ये खेड्यातल्या मुलीचे काम तिने किती साधेपणाने केले आहे! पुढे 'वक्त' (१९६५) साठी मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी तिला अंगासरशी बसणारा कुडता आणि चुडीदार दिला. पॅरिसचा धडा घेऊन तो असा आपल्या मातीत रुजविला गेला.

दुसरे उदाहरण रंगभूमीचे. 'माय फेअर लेडी' (१९६४) मध्ये ऑड्री फुलवाली झाली. खरे सांगायचे तर पूर्वार्धात ती पटत नाही. तोंडाला काळे फासले, फाटके कपडे घातले, तरी मानेचा डौल लपत नाही. इतकी वर्षे अंगी बाणलेली सहजता काढून ठेवणे तिला जमले नाही. गाणीही बहुतांशी मार्नी निक्सन यांच्या आवाजात. ज्या नाटकावरून हा खेळ आला ते शॉचे 'पिग्मॅलियन' पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणले. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली ते भाग्यवान. तिच्यात लंडनचा अंशही नाही. बोली आपली, ठसका आपला, अपमानाची कळही आपलीच. पुलंनी शॉच्या नायिकेचे कपडे उसने घेतले नाहीत, तिची व्यथा घेतली. मराठी बाईला ती बरोबर बसली.

येथे एका अप्रिय विषयाला हात घालणे भाग आहे. ऑड्रीच्या शैलीतील सर्वाधिक हेवा वाटला जाणारा आणि सर्वाधिक नकललेला भाग म्हणजे तिची कृश अंगकाठी. तो सडपातळपणा आला कोठून, हे वहीवर तिचे चित्र चिकटविणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात ती नेदरलँड्समध्ये आर्नहेम व लगतच्या वेल्प गावी होती. जर्मन सत्तेने अन्नपुरवठा रोखल्याने १९४४-४५ चा हिवाळा तेथे 'भुकेचा हिवाळा' म्हणून इतिहासात नोंदला गेला. सुमारे २०,००० माणसे दगावली. युद्ध संपले तेव्हा ऑड्री सोळा वर्षांची होती. पंडुरोग, कावीळ आणि अंगावर आलेली सूज यांनी जर्जर झालेली. ती कंबर कोणत्याही आहारनियमाने कमावलेली नव्हती. ती दुष्काळाने लादली होती.

लग्नाच्या गाऊनमध्ये मावावे म्हणून महिनोन् महिने जेवण तोडणाऱ्या मुली आज आपल्या घराघरांत आहेत. आयांना ते कळते, पण 'आजकालच्या मुली' म्हणून त्या गप्प बसतात. क्वचित कौतुकही करतात. एका उपाशी पोरीच्या शरीराला सौंदर्याचे माप ठरवून पोटभर जेवण असलेल्या घरात उपास घडावेत, यापरता विपर्यास कोणता? आमचा रोष ऑड्रीवर नाही. ती स्वत: ती भूक विसरली नव्हती. १९८८ साली ती युनिसेफची सदिच्छा दूत झाली, त्याच वर्षी दुष्काळग्रस्त इथिओपियाला गेली आणि १९९२ च्या उत्तरार्धात, मृत्यूच्या काही महिने आधी, सोमालियाला. त्या वेळची छायाचित्रे पाहावीत. साधा सदरा, मागे बांधलेले केस, सुरकुतलेला चेहरा, कडेवर हाडाचा सापळा झालेले मूल. फॅशनच्या लेखांत ही छायाचित्रे सहसा नसतात.

आता त्या चित्रपटाकडे. 'द नन्स स्टोरी' हा फ्रेड झिनेमन यांचा चित्रपट १९५९ साली आला. मारी-लुईज हाबेत्स या बेल्जियन परिचारिकेच्या आयुष्यावर कॅथरिन ह्यूम यांनी लिहिलेली कादंबरी (१९५६) हा त्याचा आधार. हाबेत्स यांनी धर्मभगिनी म्हणून काँगोत रुग्णसेवा केली आणि महायुद्धाच्या काळात व्रतमुक्ती घेऊन त्या मठाबाहेर पडल्या. ऑड्री त्यांना भेटली, त्यांच्याकडून शिकली. पुढे दुसऱ्या एका चित्रपटाच्या वेळी घोड्यावरून पडून तिच्या पाठीचे हाड मोडले, तेव्हा तिची शुश्रूषा याच हाबेत्सबाईंनी केली. कथेचा शेवट मठत्यागात होत असल्याने ख्रिस्तसभेतील काहींना या चित्रपटाविषयी शंका होती. ती अनाठायी ठरली, असेच आम्ही म्हणू. संन्यस्त जीवनाचा इतका आदरयुक्त आणि इतका अचूक चित्रपट विरळा.

शैलीच्या दृष्टीने येथे काय घडते पाहा. जिव्हांशी नाही, मोती नाहीत, चष्मा नाही. केस कापले जातात. 'रोमन हॉलिडे'मध्येही तिचे केस कापले जातात, पण तेथे राजकन्या ते हौसेने कापून घेते, मोकळी होण्यासाठी. येथे गॅब्रिएल नावाची तरुणी ते अर्पण करते. मान झाकली जाते, म्हणजे जिच्या मानेवर छायाचित्रकार लुब्ध होते तिची मानच काढून घेतली जाते. हात बाह्यांत लपवायचे. नजर खाली. घंटा झाली की तोंडातला शब्दही अर्धाच टाकायचा. नटीच्या हाती असतात तेवढी सारी साधने एकेक करून काढून घेतल्यावर उरतो तो पांढऱ्या वस्त्राच्या चौकटीतील चेहरा. आणि त्या चेहऱ्यावर ऑड्री अडीच तास पेलून धरते.

एक प्रसंग पुरे. सिस्टर लूक आता उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासक्रमात सर्वांत हुशार आहे. मठातील एक वरिष्ठ भगिनी तिला सुचविते की नम्रतेची कसोटी म्हणून तिने परीक्षेत मुद्दाम नापास व्हावे. परीक्षकांसमोर ती उभी राहते. प्रश्न विचारला जातो. उत्तर तिला येते. ते द्यावे की गिळावे? काही क्षण ती बोलतच नाही. भुवई नाही, ओठ नाही, काहीच हलत नाही. तरीही आज्ञापालन, ज्ञान आणि अहंकार यांचे द्वंद्व आपल्याला जणू वाचता येते. मग ती उत्तर देते, आणि त्या क्षणी आनंदाबरोबर पराभवही दिसतो. संगणकाने घडविलेल्या चेहऱ्यात आम्हांस जे सापडले नाही, ते नेमके हे होय.

झिनेमन यांची एक योजना येथे उल्लेखनीय आहे. धर्मविधींच्या मोठ्या दृश्यांसाठी प्रत्यक्ष धर्मभगिनी मिळणे शक्य नव्हते. त्यांनी रोमच्या ऑपेरातील बॅले नर्तकींना झगे घालून उभे केले. शंभर जणींनी एका लयीत गुडघे टेकावेत, साष्टांग पडावे, उठावे, तेही दिखाऊपणा न करता, हे नर्तकींनाच साधले असते. प्रमुख अभिनेत्रींना त्यांनी काही दिवस पॅरिसच्या मठांतून राहावयास पाठविले. बॅलेची शाळा आणि नोव्हिशिएट यांत अंतर आहे खरे. एकीचा हेतू रसिकांचे रंजन, दुसरीचा परमेश्वराची सेवा. पण दोहोंत देहाला रोज तेच ते शिकवावे लागते, आणि शिकविलेले दिसू नये इतके मुरवावे लागते. ज्या मुलीला रॅम्बर्टबाईंनी परत पाठविले होते, तिचे ते सारे शिक्षण येथे कामास आले. मठप्रमुखांच्या भूमिकेतील एडिथ इव्हान्स यांच्यासारख्या कसलेल्या नटीसमोरही ती तसूभर कमी पडत नाही. आठ नामांकने मिळूनही या चित्रपटाला एकही ऑस्कर लाभले नाही. ते वर्ष 'बेन हर'चे होते.

आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींना हा चित्रपट एकदा अवश्य दाखवावा. पहिल्या तासात त्यांची चुळबुळ होईल, कारण त्यात मठाची शिस्त आणि पुन्हा मठाची शिस्तच आहे. तो तास गाळू नये. तो गाळला तर शेवट कळणार नाही. आणि शेवटी दिवे लावण्याची घाई करू नये. अखेरच्या दृश्यात सिस्टर लूक एका खोलीत एकटी आहे. समोर तिचे जुने नागरी कपडे ठेवलेले आहेत, कोणतेही मासिक छापणार नाही असे. ती झगा उतरवून ठेवते, ते कपडे चढविते. बटण दाबते, बाहेरचे दार आपोआप उघडते. निरोप द्यायला कोणी नाही. संगीतही नाही, निर्मात्यांचा आग्रह असूनही झिनेमन यांनी ते वाजू दिले नाही. ती गल्लीत पाऊल टाकते. कपडे बदलले, पण चाल अजून मठातलीच आहे: नजर समोर, हात अंगाशी, पावलांत घाई नाही. टोकाशी ती क्षणभर थांबते, वळते आणि दिसेनाशी होते. कॅमेरा तिच्यामागे जात नाही. तो खोलीतच, उघड्या दाराशी थांबलेला आहे.